बाळ अंगावर पीत नाही तेव्हा

कोल्हापुरात दुधाला तोटा नाही. शुक्रवार पेठेतील आमच्या घरापासून गंगावेशीचा दूधकट्टा पाच मिनिटांच्या चालीवर आहे. तेथे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत म्हैस पिळली जाते आणि फेसाळलेल्या दुधाचा पेला हाती येतो. निवृत्तीनंतर सूर्यास्तापूर्वी तेथवर फेरी मारण्याचा माझा परिपाठ आहे. अशा या गावात, गेल्या श्रावणात, आमची सहा दिवसांची नात आईच्या पदराखाली तोंड फिरवून आक्रोश करीत होती आणि घरातील सात माणसे दाराबाहेर चूपचाप उभी होती.

हा विषय आजोबांनी लिहावा काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो माझ्याही मनात आला होता. पण सूनबाईच म्हणाली, “बाबा, तुम्ही लिहा. बायकांनी लिहिलं तर फक्त बायकाच वाचतील.” त्यामुळे तिच्या अनुमतीने आणि आमच्या सौभाग्यवतींच्या देखरेखीखाली लिहीत आहे.

जन्म शस्त्रक्रियेने झाला. वजन २ किलो ९०० ग्रॅम. पहिल्या रात्री आई ग्लानीत होती, म्हणून रुग्णालयात बाळाला बाटलीने पावडरचे दूध दिले गेले. कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही; मलाही नाही. पाचव्या दिवशी घरी आलो तेव्हा वजन २ किलो ६२० ग्रॅम होते. म्हणजे साडेनऊ टक्क्यांहून अधिक घट. पुढे समजले, की जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत सात टक्क्यांपर्यंत, क्वचित दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरणे हे स्वाभाविक मानले जाते. दहाच्या पुढे गेले तर डॉक्टरांनी पाहिलेच पाहिजे. आम्ही अगदी उंबरठ्यावर होतो.

आणि मग मते सुरू झाली. भेटीस येणाऱ्या प्रत्येकाजवळ एक मत होते. “हिला दूधच नाही.” “दूध आहे, पण पातळ आहे.” “दृष्ट लागली.” शेजारच्या एका काकूंनी तर लसणाची खीर सुचविली आणि लगेच जीभ चावली. आपल्या घरांत लसूण चढत नाही. तरी पिढ्यान्पिढ्या मुले आईच्या दुधावरच वाढली आहेत, हे त्यांच्याही ध्यानात आले असावे. अळिवाचे लाडू, डिंक, मेथी हे सर्व सुरू होतेच. त्याने बाळंतिणीच्या अंगात शक्ती येते, पण पान्हा केवळ लाडवांवर ठरत नाही. खरा आघात मात्र त्या पहिल्या वाक्याचा होता. “हिला दूधच नाही” हे सूनबाईने दिवसातून चार-पाच वेळा ऐकले. ते बोलणाऱ्यांत आमच्या घरचेही होते, हे मी लपवीत नाही. सहाव्या दिवशी संध्याकाळी तिने स्वतःच सांगितले, “आई, माझ्यात काही नाही. बाटली द्या.”

छत्तीस वर्षे मी बँकेत काढली. कर्जदार म्हणे, “साहेब, धंदा बुडाला,” तेव्हा आम्ही आधी रोजकीर्द मागत असू. कित्येकदा धंदा बुडालेला नसे, वसुली थकलेली असे. त्या रात्री मी एक शंभर पानी वही काढली आणि चार रकाने आखले: किती वाजता पाजले, किती वेळ, लंगोट किती ओले, शी किती वेळा व कोणत्या रंगाची. दुसऱ्या दिवशी वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. चोवीस तासांत ओले लंगोट तीन. डॉक्टर म्हणाले, पाचव्या-सहाव्या दिवसानंतर सहा तरी हवेत, आणि चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे व्हायला हवे. आमच्या वहीत पाच वेळाच नोंद होती. त्यांनी बाळ तपासले. ते सावध होते, रडणे ठणठणीत होते, ताप नव्हता, कावीळ उपचाराइतकी नव्हती. “बाळ आजारी नाही. त्याला पिता येत नाहीये,” ते म्हणाले. “अंगावरचे दूध पिळून काढा आणि बोंडल्याने पाजा. बाटली बंद. दोन दिवसांनी वजन दाखवा. आणि कोणीतरी जाणकार बाई गाठा.”

ती जाणकार बाई म्हणजे आमच्या परिचयातील एक निवृत्त परिचारिका. त्या आल्या, हात धुतले, आणि दहा मिनिटे काहीही न बोलता सूनबाई बाळाला कशी घेते ते पाहत बसल्या. मी अर्थातच बाहेर. पुढील हकीकत सौभाग्यवतींच्या तोंडची आहे. बाईंनी प्रथम खोलीतील चार जणींना बाहेर जाण्यास सांगितले. मग बाळाचे दुपटे सोडले. आम्ही तिला घट्ट गुंडाळून, पाठीवर उताणी ठेवून, मान तेवढी वळवून पाजत होतो. “तुम्ही मान वळवून पाणी प्या बरं,” त्या सौभाग्यवतींना म्हणाल्या. त्यांनी प्रयत्न केला आणि घोट घशातच अडला.

मग त्यांनी बाळाला पूर्ण आईकडे वळविले, पोटाला पोट लागेल असे. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. ज्या बाजूला पाजायचे त्याच्या विरुद्ध हाताचा तळवा बाळाच्या खांद्यांमागे आणि बोटे कानांखाली. डोके मागून दाबायचे नाही, कारण डोके दाबले की कोणतेही बाळ मागे ढकलते, आणि आपण त्यालाच “नको म्हणतंय” असे समजतो. स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर ठेवायचे. वरच्या ओठाला स्पर्श होताच बाळ शोधू लागते आणि जांभई दिल्यासारखे तोंड उघडते. त्या एका क्षणी त्याला चटकन जवळ घ्यायचे, हनुवटी आधी टेकेल असे. केवळ स्तनाग्र नव्हे, तर त्याभोवतीच्या काळसर भागाचा बराचसा अंश, विशेषतः खालचा, तोंडात जायला हवा. खालचा ओठ बाहेर मुडपलेला असावा. आईला दुखत असेल तर पकड चुकली, बोट घालून सोडवायचे आणि पुन्हा घ्यायचे. पहिल्या दिवशी हे अकरा वेळा सोडवून घ्यावे लागले. बाराव्या वेळी नातीचा गिळण्याचा आवाज बाहेर पडवीत मला ऐकू आला, असे मी सांगतो. घरात ते कोणी खरे मानीत नाही.

आयआयटी मुंबईच्या ‘हेल्थ स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने हीच पद्धत दाखविणाऱ्या चित्रफिती मराठीतही केल्या आहेत. बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांचे त्यात मोठे काम आहे. मोबाइलवर त्या विनामूल्य पाहता येतात. घरातील पुरुषांनीही एकदा पाहाव्यात. निदान दारात उभे राहून मते देणे कमी होईल.

दूध किती येईल याचे गणित व्यापाऱ्याला समजावे लागत नाही. जेवढी उचल, तेवढा पुरवठा. स्तन रिकामा झाला की शरीर नवे दूध करते. भरलेला राहिला की उत्पादन मंदावते. प्रत्येक बाटली म्हणजे अंगावरची एक उचल रद्द. शिवाय बाटलीतून दूध आपोआप ओघळते, त्यासाठी तोंड मोठे उघडावे लागत नाही. त्या सवयीचे बाळ आईजवळ आले की अर्धवट तोंड उघडते, दूध येत नाही म्हणून चिडते आणि तोंड फिरवते. आमच्या घरी घडले ते हेच. पहिल्या एक-दोन दिवसांत आईला येतो तो चीक, तोही एका वेळी चमचा-दीड चमचा. नवजाताला तेवढा पुरतो. तेवढ्यावरून दूध नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे दुकान उघडल्याच्या पहिल्या तासाच्या गल्ल्यावरून वर्षाचा नफा ठरविण्यासारखे आहे. आणखी एक चूक आम्ही करीत होतो. बाळ रडेपर्यंत थांबत होतो. मुठी तोंडाकडे नेणे, ओठ चाटणे, मान इकडेतिकडे वळविणे ही भुकेची खूण. रडणे ही उशिराची. रडून लाल झालेले बाळ आधी उघड्या छातीशी धरून शांत करावे, मग पाजावे. झोपाळू बाळाला जन्मवजन परत येईपर्यंत दर तीन तासांनी उठवावे लागते.

एक नाजूक गोष्ट. सूनबाई लग्नाआधीपासून चौविहार करते. रात्री तीनदा-चारदा पाजायचे आणि सूर्यास्तापासून पाण्याचा थेंब नाही, असे तिचे चालले होते. रात्री पाजल्याने दुधाचे संप्रेरक अधिक पाझरते, म्हणून त्या वेळा चुकवायच्या नाहीत. आणि तहान मारूनही राहायचे नाही. नव्वदीच्या घरातील माझ्या मातुःश्रींनी प्रश्न निकालात काढला: “व्रत बाळंतिणीसाठी थांबतं, बाळ व्रतासाठी थांबत नाही.” मीही त्याच मताचा आहे. पाणी आईने प्यावे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला मात्र पाणी, गुटी, गुळाचे पाणी काही नको, चैत्र-वैशाखातही नाही.

येथवर वाचून कोणी असे समजू नये, की न पिणारे प्रत्येक बाळ केवळ पकडीवाचून अडले आहे. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ घालता येत नाही; त्याला आईचे दूध नळीने वा बोंडल्याने द्यावे लागते. अशाच बाळांच्या निकडीतून डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. जिभेखालचा पडदा आखूड असणे, तोंडात पांढरे डाग, चोंदलेले नाक, हीही कारणे असतात.

सर्वांत महत्त्वाचा भेद गडचिरोलीने शिकविला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ नंतर खेड्यांतील आरोग्यदूत बायकांना नवजाताचा जंतुसंसर्ग केवळ लक्षणांवरून ओळखण्यास शिकविले. त्या यादीत ठळक लक्षण होते ते हे: आधी नीट पिणाऱ्या बाळाचे पिणे कमी होणे वा थांबणे. जोडीला रडणे क्षीण होणे, सुस्ती, अंग तापणे वा गार पडणे, पोट फुगणे, छाती आत ओढली जाणे. अशी दोन लक्षणे एकत्र दिसली की उपचार. त्या गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने ते संशोधन प्रसिद्ध केले, आणि २०११ पासून आशाताईंच्या गृहभेटी त्याच धर्तीवर देशभर सुरू झाल्या. आपल्या पेठांतील माडीवरच्या घरांत आशाताई क्वचितच चढतात. म्हणून ही यादी आपणच ध्यानात ठेवावी. काल पीत होते आणि आज पीत नाही, अंग ढिले पडले आहे, अशा बाळासाठी पकड सुधारीत बसू नये, वही उघडू नये, दृष्ट काढू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

आता थोडे आपल्या पेढ्यांविषयी. औषधदुकानांना मालतारण कर्ज मंजूर करताना मी कितीदा साठा मोजला आहे. पावडरचे डबे त्यात असत. १९९२ च्या केंद्रीय कायद्याने, जो १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला, दोन वर्षांखालील बाळांच्या पावडरची, अन्नाची आणि दूधबाटल्यांची जाहिरात, मोफत नमुने, भेटवस्तू, गरोदर स्त्रीशी विक्रीसाठी संपर्क, सर्व निषिद्ध आहे. डब्यावर बाळाचे वा आईचे चित्र चालत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विक्रीस मनाई नाही. काही बाळांना डॉक्टरी सल्ल्याने ते दूध लागतेच. पण गल्ल्याशेजारी ‘एकावर एक’ची पाटी लागली, तर ती केवळ पाटी राहत नाही. माझ्या एका दुकानदार मित्राला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “वीस वर्षे विकतोय, कोणी बोललं नाही.” पाटी मात्र त्याने काढली.

आमच्या वहीतील पुढच्या नोंदी अशा: चौदावा दिवस, २ किलो ७८० ग्रॅम. दोन आठवड्यांत जन्मवजन परत यावे अशी अपेक्षा असते. आम्हांला एकोणीस दिवस लागले आणि डॉक्टरांनी दोनदा जादा बोलावले. एकविसावा दिवस, २ किलो ९६० ग्रॅम, ओले लंगोट आठ. त्या दिवशी सौभाग्यवतींनी बोंडले घासून फडताळात ठेवले. चौथ्या महिन्यात नात पुन्हा मधेच तोंड काढू लागली, पण ते पंखा पाहण्यासाठी. अंधाऱ्या खोलीत नेले की प्यायची.

आता ती साडेसहा महिन्यांची आहे. मुगाच्या वरणभाताचा चमचा पुढे केला की हाताने उडवते. सूनबाई हसते आणि घटकाभराने पुन्हा चमचा पुढे करते. सौभाग्यवतींनी मला नवी वही आणण्यास सांगितले आहे. मी अजून आणलेली नाही.