बटणावरचं चित्र जातं कुठे?

पायथॉनमध्ये पहिलावहिला प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांच्या वाट्याला एक कोरं बटण हमखास येतं. लायब्ररी मॅनेजमेंट असो नाहीतर मेडिकल स्टोअरचं बिलिंग, 'सेव्ह'च्या बटणावर एखादं छोटं चित्र असावं असं ठरतं. फाइल फोल्डरमध्ये असते, नाव बरोबर असतं, प्रोग्रॅम चालवला तर एकही एरर येत नाही. विंडो उघडते, बटण दिसतं, चित्राला लागली असती तेवढी जागाही सुटलेली दिसते आणि त्या जागेत काहीही नसतं. दाबलं तर बटण काम मात्र चोख करतं. मग फाइल बदलून बघ, कॉम्प्युटर बंद-चालू कर, मित्राच्या लॅपटॉपवर चालवून बघ, असे सगळे उपाय होतात. शेवटी व्हायव्हाच्या आदल्या रात्री चित्राचा नाद सोडून तिथे साधी अक्षरं टाकली जातात.

यात मुलांचं काही चुकलेलं नसतं, फाइलही धडधाकट असते. गोम अशी आहे की बटण स्वतःजवळ चित्र ठेवतच नाही. ते चित्राचं फक्त नाव ठेवतं.

पायथॉनबरोबर विंडो, बटणं, रकाने बनवण्यासाठी जे साहित्य येतं ते टीकेइंटर. त्याच्या पोटात टीके नावाचं जुनं टूलकिट आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन ऑस्टरहाउट यांनी 1988 मध्ये टीसीएल ही भाषा केली आणि पुढे तिच्यासाठी टीके लिहिलं. म्हणजे पायथॉनमध्ये बटण बनवताना आपण दोन घरांत वावरत असतो. आपला कोड पायथॉनच्या घरात राहतो, पडद्यावर रंगरंगोटी होते ती टीकेच्या घरात. आपण फोटोइमेज नावाची वस्तू तयार करतो तेव्हा चित्राचे ठिपके टीकेकडे जमा होतात आणि त्यांना एक नाव मिळतं: 'पायइमेज1'. दुसरं चित्र 'पायइमेज2', असं पुढे. मग बटणाला सांगितलं जातं की पायइमेज1 दाखव. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर आपल्या हाती बिल्ला येतो आणि चपला स्टँडवाल्याकडे राहतात, तसा बटणाच्या हाती नुसता बिल्ला असतो.

आता पायथॉनची एक सवय. प्रत्येक वस्तू किती जणांनी धरून ठेवली आहे याचा तो हिशेब ठेवतो आणि आकडा शून्यावर आला की वस्तू टाकून देतो. चित्र एखाद्या फंक्शनच्या आत तयार केलं असेल, तर फंक्शन संपताक्षणी त्याचं व्हेरिएबल जातं. बटणाकडे चित्राचं नाव असलं तरी नाव म्हणजे साधा मजकूर, तो पायथॉनच्या हिशेबात धरला जात नाही. आकडा शून्य होतो. जाता जाता फोटोइमेज टीकेला निरोप देते की पायइमेज1 काढून टाक. टीके निमूटपणे काढतो. चित्र वापरात असताना पुसलं गेलं तर जागेचं माप तसंच ठेवायचं आणि आत कोरं दाखवायचं, हा टीकेचा लेखी नियम आहे. एरर येत नाही ती यामुळेच. टीकेच्या लेखी काही बिघडलेलं नसतं.

याहून वैताग आणणारी गोष्ट पुढे आहे. तोच कोड फंक्शनच्या बाहेर, फाइलमध्ये उघड्यावर लिहिला तर चित्र दिसतं, कारण तिथलं व्हेरिएबल प्रोग्रॅम संपेपर्यंत टिकतं. म्हणजे सरावाच्या दहा ओळींत सगळं चालतं आणि सरांनी 'नीट फंक्शनमध्ये घाल' म्हटल्यावर चित्र गायब होतं. शिस्त पाळणाऱ्यालाच शिक्षा.

उपाय एका ओळीचा आहे. बटण बनवल्यावर चित्र त्याच्याच अंगावर अडकवायचं: 'बटण.इमेज = फोटो'. क्लास वापरत असाल तर 'सेल्फ.फोटो' करून ठेवायचं. इथे 'इमेज' या नावात काही जादू नाही, 'खुंटी' नाव दिलंत तरी चालेल. कोणीतरी ही वस्तू धरली आहे एवढं पायथॉनला दिसलं की झालं. पायथॉनमधल्या चित्रकामाची मूळ लायब्ररी, पीआयएल, लिहिणाऱ्या फ्रेडरिक लुंड यांनी आपल्या टीकेइंटरच्या परिचयात ही सूचना फार पूर्वीच देऊन ठेवली होती. तरी पिढ्यान् पिढ्या मुलं तिथेच ठेचकाळतात, आणि माझ्या मते हा दोष सरळसरळ टीकेइंटरचा आहे. बटणाला चित्र दिलं तर ते त्याने सांभाळावं, ही अपेक्षा काही अवाजवी नाही. क्यूटी या दुसऱ्या टूलकिटमध्ये 'सेटआयकॉन' म्हटलं की बटण आयकॉन स्वतःकडे ठेवून घेतं. जावाच्या स्विंगमध्येही तीच रीत आहे. तिथे फंक्शन संपलं म्हणून चित्र पुसलं जात नाही.

नावाची ही भानगड ध्यानात आली की दुसरंही एक कोडं सुटतं. काही जण फोटोइमेज न बनवता बटणाला थेट फाइलचंच नाव देतात. 'सेव्ह.पीएनजी नावाची इमेज अस्तित्वात नाही' अशा अर्थाची एरर येते आणि माणूस चक्रावतो, कारण फाइल तर समोर दिसते आहे! टीके फाइल शोधतच नसतो. आपल्या यादीत त्या नावाचं चित्र आहे का, एवढंच तो बघतो.

मापाचा घोळ निराळा. बटणावर नुसती अक्षरं असतील तर रुंदी अक्षरांत मोजली जाते. चित्र आलं की तोच आकडा पिक्सेलमध्ये धरला जातो. त्यामुळे आधी ऐसपैस दिसणारं रुंदी 10 चं बटण चित्र लावताच नखाएवढं उरतं. उलट बाजूने, इंटरनेटवरून उतरवलेलं 512 पिक्सेलचं चित्र लावलं तर बटण निम्मी विंडो व्यापतं, कारण ते चित्र आपणहून लहान करत नाही. टीकेकडे लहान करण्याची सोय आहे, 'सबसँपल', पण ती दर दुसरा किंवा तिसरा ठिपका उचलते आणि मधले सोडून देते. बारीक रेघांचं चित्र त्यात तुटतं. त्यापेक्षा पिलो वापरावं. लुंड यांच्या पीआयएलचं काम थंडावल्यावर 2010 मध्ये तिच्यातूनच पिलो निघालं आणि आज सगळे तेच वापरतात.

जेपीजी फाइलसाठी तर पिलोला पर्यायच नाही, टीके 8.6 ला जेपीजी कळत नाही. पीएनजीसुद्धा 2012 च्या या 8.6 आवृत्तीपासून कळायला लागलं, त्याआधी जीआयएफवर भागवावं लागे. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या जेपीजीचं नाव बदलून शेवटी पीएनजी लावण्याची युक्तीही फसते. टीके फाइलच्या आतला मजकूर तपासतो, आडनाव बघत नाही.

फाइल कुठे ठेवायची, हा प्रश्न प्रोग्रॅम दुसऱ्याला देताना उपटतो. नुसतं 'सेव्ह.पीएनजी' लिहिलं तर ती फाइल प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये शोधली जात नाही, प्रोग्रॅम ज्या फोल्डरात उभा राहून चालवला तिथे शोधली जाते. मार्ग नेहमी प्रोग्रॅमच्या फाइलवरून काढावा. क्यूटी, डॉटनेट आणि जावा यांत चित्रं प्रोग्रॅमच्या आतच बांधून देता येतात, तो मार्ग उत्तम.

व्हिज्युअल बेसिक 6 वर ज्यांचा हात बसला त्यांना हे सगळं वाचून हसू येईल. तिथे बटण निवडायचं, प्रॉपर्टीच्या खिडकीत 'स्टाइल' बदलून 'ग्राफिकल' करायची आणि 'पिक्चर'समोर फाइल द्यायची. चित्र फॉर्मबरोबरच साठवलं जाई. स्टाइल बदलायला विसरलं की चित्र दिसत नसे, ही तिथली ठेच. 1995 मध्ये आलेल्या डेल्फायची तऱ्हा मला जास्त आवडते. तिथल्या बिटबटनाला एकाच चित्रात ओळीने चार आकृत्या देता येत: नेहमीची, बंद असतानाची, दाबतानाची आणि दाबलेल्या अवस्थेतली. शिवाय चित्रातल्या खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या ठिपक्याचा जो रंग, तो पारदर्शक धरला जाई. त्या काळच्या बिटमॅपमध्ये पारदर्शकता मुळात नव्हतीच, म्हणून एक ठिपका कामाला लावला. पीएनजीत आता प्रत्येक ठिपक्याला पारदर्शकतेच्या 256 पायऱ्या देता येतात आणि कडा मऊ दिसतात.

चित्र लावायचं कसं, हे झालं. लावावं का, हा प्रश्न प्रोजेक्टमध्ये कोणी विचारत नाही. झेरॉक्सच्या स्टार या संगणकाने 1981 मध्ये आयकॉन बाजारात आणले. 1984 च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून आयकॉन काढले, 32 गुणिले 32 ठिपके, प्रत्येक ठिपका काळा नाहीतर पांढरा. इतक्या कमी सामानात काढायचं म्हणजे नक्षीला वाव नाही, ओळख पटली पाहिजे. आज लाखो रंग हाताशी असताना बटणावर जे चढवलं जातं ते पुष्कळदा नुसती शोभा असते. लिनक्सवरच्या नोम डेस्कटॉपने 2009 मध्ये, 2.28 आवृत्तीत, मेनू आणि बटणांवरची चित्रं मुळातच बंद करून टाकली, हवी त्याने चालू करावीत. तेव्हा आरडाओरडा झाला. मला तो निर्णय पटतो. 'रद्द करा' लिहिलेल्या बटणावर लाल फुली काढून वाचणाऱ्याला नवीन काहीच कळत नाही. टूलबारची गोष्ट वेगळी, तिथे दिवसातून पन्नासदा हात जातो आणि डोळा आकारावरून बटण शोधतो.

मराठी बटणांबाबत थोडं. चित्राशेजारी अक्षरं ठेवायची तर टीकेमध्ये 'कंपाउंड' हा पर्याय 'लेफ्ट' द्यावा, चित्र डावीकडे आणि मजकूर उजवीकडे येतो. बटणाची उंची मात्र पिक्सेलमध्ये बांधून टाकू नये. इंग्रजी 'सेव्ह'साठी बेतलेल्या उंचीत 'नोंदी शोधा'चा वरचा अनुस्वार आणि 'पुढे चला'चा खालचा उकार कापला जातो. लिनक्सवर टीके 8.6 ची आणखी एक अडचण आहे, देवनागरीची जुळणी त्याला जमत नाही. 'निवडा'तली वेलांटी 'न'च्या नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी पडतात. मग काही जण मराठी शब्दाचंच चित्र काढून बटणावर डकवतात. दिसायला ते ठीक दिसतं, पण अक्षर मोठं केलं तर ते वाढत नाही आणि ज्याला पडदा दिसत नाही त्याच्या हाती त्यातलं काहीच लागत नाही.

दृष्टिहीन माणसं संगणक वापरतात ती पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधाराने. विंडोजवरचं एनव्हीडीए त्यातलं फुकट मिळणारं, मराठीही वाचणारं. बटणावर नुसतं चित्र असेल आणि मागे नाव दिलेलं नसेल तर ते फक्त 'बटण' म्हणतं. टीकेच्या बाबतीत तर अक्षरं लिहूनही त्याच्यापर्यंत धड काही पोहोचत नाही, आणि लोकांच्या हातात द्यायच्या प्रोग्रॅमसाठी टीके टाळावं असं मी म्हणतो ते यासाठी. क्यूटी घ्या किंवा डब्ल्यूएक्सपायथॉन घ्या. एनव्हीडीए स्वतः बहुतांशी पायथॉनमध्ये लिहिलेलं आहे आणि त्याच्या खिडक्या डब्ल्यूएक्सपायथॉनच्याच आहेत. तिथे बटणाला आधी नाव द्यायचं आणि मग 'सेटबिटमॅप' म्हणून चित्र चढवायचं. चित्र आलं तरी नाव जात नाही.

प्रोजेक्ट जमा करण्यापूर्वी एनव्हीडीए सुरू करा, मॉनिटर बंद करा आणि टॅब दाबत आपल्या विंडोतून एक फेरी मारा. 'बटण, बटण, बटण' एवढंच ऐकू आलं, तर चित्रं राहू द्या बाजूला, आधी नावं द्या.