मूल्य आणि रूप : संगणकाची भाषा बदलल्यावर स्प्रेडशीट का चुकते? (लेखांक ६)

संगणकाची भाषा इंग्रजीवरून जर्मन केली की एक्सेलमधील जुनी फाइल निराळीच दिसू लागते : बेरजेचे ‘सम’ हे फंक्शन ‘झुमे’ होते, तक्त्यातून माहिती शोधून देणारे ‘व्हीलुकअप’ ‘एसफेरवाइस’ या नावाने दिसते आणि सूत्रातील घटकांमध्ये स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम येतो. एवढ्याने हिशेब बिघडत नाही, कारण फाइलमध्ये फंक्शनची नोंद एकाच ठरावीक रूपात असते आणि तिचे भाषांतर केवळ पडद्यापुरते होते. सेलमध्ये साठवलेले मूल्य आणि डोळ्यांना दिसणारे रूप यांतील हा भेद जोवर पाळला जातो, तोवर फाइल कोणत्याही भाषेत सुखरूप राहते. चुका होतात त्या हा भेद जिथे पुसला जातो तिथे.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. फंक्शनची नावे ऑफिसच्या प्रदर्शन-भाषेनुसार बदलतात, तर दशांशचिन्ह, तारखेचा क्रम आणि सूत्रातील विभाजक विंडोजच्या प्रादेशिक मांडणीनुसार, म्हणजे देशागणिक ठरलेल्या लेखनसंकेतांनुसार, बदलतात. भाषा बदलताना बहुधा प्रादेशिक मांडणीही बदलली जाते आणि त्यामुळे दोष नेमका कोणाचा, हे चटकन उमगत नाही.

पहिला धोका सूत्रात अवतरणचिन्हांत लिहिलेल्या मजकुराचा असतो, कारण असा मजकूर एक्सेल जसाच्या तसा ठेवते, त्याचे भाषांतर करत नाही. ‘टेक्स्ट’ या फंक्शनने तारखेतून वर्ष काढण्यासाठी इंग्रजी ‘वाय’ हे अक्षर चार वेळा लिहिलेले असेल, तर जर्मन मांडणीत वर्षाऐवजी तीच चार अक्षरे सेलमध्ये उमटतात. जर्मनमध्ये वर्षाला ‘यार’ म्हणतात आणि म्हणून तेथे वर्षाची खूण त्या शब्दाच्या आद्याक्षराने, म्हणजे ‘जे’ने केली जाते. हेच काम ‘इयर’ या फंक्शनने केले असते, तर त्याचे नाव आपोआप बदलले असते आणि उत्तर तेच राहिले असते.

दुसरा धोका बाहेरून येणाऱ्या मजकुराचा असून तो अधिक फसवा आहे. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल, पुण्यातील कार्यालयातून जर्मनीत गेली आणि तेथे थेट उघडली, तर सगळा मजकूर एकाच स्तंभात गोळा होतो, कारण तेथील विभाजक अर्धविराम असतो. ही चूक निदान दिसते तरी. परंतु भारतीय लेखनातील १.५ ही संख्या जर्मन मांडणीत १ मे ही तारीख ठरते आणि १.२५० म्हणजे सव्वा ही संख्या बाराशे पन्नास होऊन बसते. अमेरिकी मांडणीत ०५/०८/२०२४ ही ५ ऑगस्टची नोंद ८ मे म्हणून वाचली जाते. एक्सेल तारखेला १ जानेवारी १९०० पासूनचा अनुक्रमांक देऊन साठवते. त्यामुळे सेलमध्ये ४५५०९ ऐवजी ४५४२० हे मूल्य कायमचे बसते आणि नंतर मांडणी पूर्ववत केली तरी ८९ दिवसांचा हा फरक भरून निघत नाही. २५/०८/२०२४ मध्ये मात्र पंचविसावा महिना संभवत नसल्याने ती नोंद मजकूर म्हणूनच राहते. याचाच अर्थ असा की, महिन्याच्या तेराव्या तारखेपासूनच्या नोंदी आपला दोष उघड करतात आणि बाराव्यापर्यंतच्या नोंदी तो झाकून ठेवतात.

म्हणून तपासणीचा क्रमही याच भेदावर आधारलेला असावा. सेलची बाजू मुद्दाम बदललेली नसेल, तर संख्या व तारखा उजवीकडे आणि मजकूर डावीकडे सरकलेला दिसतो. शंका उरल्यास ‘इज-टेक्स्ट’ या फंक्शनने खात्री करता येते. बिघडलेल्या तारखा सेलमध्ये दुरुस्त करत बसण्यापेक्षा मूळ फाइल पुन्हा आयात करावी आणि त्या वेळी दिवस-महिना-वर्ष हा क्रम स्वतः निवडावा. मजकुरातून संख्या काढताना ‘नंबरव्हॅल्यू’ हे फंक्शन वापरल्यास दशांशचिन्ह कोणते ते सूत्रातच सांगता येते. गूगल शीट्समध्ये प्रदेशाची निवड प्रत्येक फाइलसोबत साठवली जाते, त्यामुळे तेथे संगणकाऐवजी फाइलची मांडणी आधी पाहावी.

चुकीची खूण दाखवणारा सेल दुरुस्तीची वाट स्वतःच दाखवतो. खरी दक्षता बाळगावी लागते ती कोणतीही खूण न दाखवता उजवीकडे नीट ओळीत बसलेल्या तारखांबाबत. पुढील लेखांकात आयातीच्या वेळी स्तंभांचे प्रकार कसे ठरवावेत, याचा विचार केला जाईल.