प्लाझ्मा दिला आणि वाचला!

"आमच्या मेव्हण्याला प्लाझ्मा दिला आणि तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन काढला. तुमचं संशोधन काहीही म्हणो!" कोरोनाचा विषय निघाला की हे अजूनही हमखास ऐकू येतं. प्लाझ्मा म्हणजे कोरोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला द्रव. साथीच्या काळात 'बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा, अर्जंट' असे निरोप व्हॉट्सॲपवर रात्रंदिवस फिरत होते, नातेवाईक रक्तपेढ्या पालथ्या घालत होते. इतक्या धावपळीनंतर माणूस घरी आला की श्रेय प्लाझ्माला जाणारच. पण प्लाझ्मा दिला नसता तर मेव्हण्याचं काय झालं असतं?

हे एका रुग्णाकडे बघून कळत नाही, म्हणून तर चाचण्या कराव्या लागतात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने 2020 मध्ये 39 रुग्णालयांत 'प्लॅसिड' ही चाचणी घेतली. मध्यम स्वरूपाचा आजार असलेले 464 रुग्ण होते. जवळपास निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत 200 मिलिलिटर प्लाझ्मा, 24 तासांच्या अंतराने दोनदा. बाकीच्यांना नुसते नेहमीचे उपचार. ऑक्टोबर 2020 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. 28 दिवसांत आजार गंभीर झाला किंवा मृत्यू ओढवला, असे रुग्ण प्लाझ्मा घेतलेल्यांत 19 टक्के आणि न घेतलेल्यांत 18 टक्के. म्हणजे प्लाझ्माशिवायही शंभरातल्या 82 जणांच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. त्यांचेही मेव्हणे असतीलच की! त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, इतकंच.

"464 म्हणजे किती थोडे" असं म्हणणाऱ्यांसाठी ब्रिटनची 'रिकव्हरी' चाचणी आहे. तिथे 11,558 रुग्ण होते आणि 28 दिवसांतले मृत्यू दोन्हीकडे 24 टक्के. मे 2021 मध्ये भारतानेही प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून काढला.

कोणाला काय द्यायचं हे चाचणीत चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, आणि नेमकं हेच लोकांना खटकतं. पण निवड डॉक्टरांवर किंवा नातेवाइकांवर सोडली, तर प्लाझ्मा मिळणार तो ओळखीपाळखी असलेल्या, पैसे उभे करू शकणाऱ्या, चांगल्या रुग्णालयात पोचलेल्या माणसाला. तो तसाही वाचण्याची शक्यता जास्त. मग श्रेय प्लाझ्माचं की ओळखीचं, हे कसं ठरवणार?

बरं, 'रिकव्हरी'नेच डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना वाचवतं हेही दाखवलं. मृत्यू 41 टक्क्यांवरून 29 वर आले. तो निकाल कोणालाच खटकला नाही!

उपचारांबद्दलचे आणि चाचण्यांबद्दलचे बाकीचे समज थोडक्यात. "रक्त चढवलं की ताकद येते": रक्तस्राव होत नसलेल्या अतिदक्षता रुग्णांत हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावरच रक्त देणं पुरतं, असं कॅनडातल्या अभ्यासाने 1999 मध्येच दाखवलं. "सलाईन जितकं जास्त तितकं बरं": 2011 मध्ये पूर्व आफ्रिकेत ताप आणि शॉक असलेल्या मुलांना भराभर द्रव दिल्यावर मृत्यू वाढले, 7.3 टक्क्यांवरून साडेदहापर्यंत. "चाचणीत दुसऱ्या गटाला वाऱ्यावर सोडतात": नाही, त्यांना प्रचलित उपचार मिळतात.

आणि "आम्हाला गिनिपिग केलं" म्हणणाऱ्यांनी संमतीपत्र वाचून सही करावी. नको वाटलं तर चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही, उपचारही थांबत नाहीत. भारतात 2009 पासून औषधांच्या चाचण्यांची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागा. ती माहिती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते.