घरच्या कार्यालयासाठी लॅन कार्ड निवडताना...

प्रतिनिधी

२०२०च्या टाळेबंदीत अनेकांच्या घरातील एका कोपऱ्याचे कार्यालय झाले आणि टाळेबंदी उठल्यावरही ते तसेच राहिले. करसल्लागार, वास्तुरचनाकार, अनुवादक, संगणक अभियंते अशा अनेकांचा व्यवसाय आज घरच्या संगणकावर चालतो. विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या दिवशी किंवा परदेशातील ग्राहकाबरोबरच्या ऐन बैठकीत संपर्क तुटला, तर नुकसान मनस्तापापुरते राहत नाही. अशा वेळी इंटरनेट पुरवठादाराला दोष दिला जातो. प्रत्यक्षात दुखणे अनेकदा घरातच, लॅन कार्डात किंवा त्याला जोडलेल्या केबलमध्ये असते.

आधी तपासणी, मग खरेदी

आज वापरात असलेल्या बहुतेक डेस्कटॉप संगणकांच्या मदरबोर्डवर गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट वेगाची जोडणी असते. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' पाहावा. तेथे १००० ऐवजी १०० आकडा दिसत असेल, तर लगेच नवे कार्ड घेऊ नये. गिगाबिटसाठी केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटसाठी दोन पुरतात. त्यामुळे एखादी तार तुटली किंवा टोकाचा कनेक्टर नीट बसला नाही, तर जोडणी गुपचूप खालच्या वेगावर उतरते. राऊटरवरील जुने पोर्टही याला कारण असू शकते. म्हणून प्रथम केबल बदलून पाहावी, मग राऊटर तपासावा आणि शेवटी कार्डाकडे वळावे.

किती वेग हवा?

इंटरनेटची योजना १०० किंवा ३०० मेगाबिटची असेल, तर २.५ गिगाबिटचे कार्ड बसवल्याने संकेतस्थळे अधिक वेगाने उघडणार नाहीत. वेगवान कार्डाचा खरा लाभ घरातल्या घरात, दोन संगणकांमध्ये किंवा सामायिक साठवण यंत्रावर मोठ्या फायली हलवताना होतो. १० गिगाबाइटची फाइल १०० मेगाबिट जोडणीवर सुमारे साडेतेरा मिनिटे घेते. गिगाबिटवर तेच काम साधारण दीड मिनिटात आणि २.५ गिगाबिटवर अर्ध्या मिनिटाच्या आसपास होते. मात्र फाइल जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर जाणार असेल, तर तिचा वेगच आडवा येतो. कागदपत्रे, हिशेब आणि व्हिडिओ बैठका एवढेच काम असेल, तर गिगाबिट पुरेसे आहे. चित्रफितींचे संपादन करणाऱ्यांनी २.५ गिगाबिटचा विचार करावा. मात्र राऊटर किंवा स्विचही त्या वेगाचा हवा.

१० गिगाबिटचा मोह घरासाठी बहुधा अनाठायी ठरतो. बाजारात स्वस्तात मिळणारी सर्व्हरमधील जुनी कार्डे बरीच तापतात. सर्व्हरमधील जोरदार पंख्यांचा वारा गृहीत धरूनच त्यांची रचना केलेली असते.

डब्यावरील नाव नव्हे, चिप पाहा

कार्डाची विश्वासार्हता मुख्यतः त्यावरील चिप आणि तिचा ड्रायव्हर यांवर ठरते. अनेक कंपन्यांच्या कार्डांवर रिअलटेक किंवा इंटेलचीच चिप असते. २.५ गिगाबिटसाठी रिअलटेकची आरटीएल ८१२५ आणि इंटेलची आय २२६ प्रचलित आहेत. नावाइतकीच आवृत्तीही महत्त्वाची असते. इंटेलच्या आय २२५ या चिपच्या सुरुवातीच्या आवृत्तीत दोष असल्याचे २०२०मध्ये उघड झाले आणि कंपनीला सुधारित आवृत्ती काढावी लागली. ज्या कार्डावर चिपचे नाव सांगितलेले नाही, ते टाळलेले बरे.

खाच आणि केबल

नव्या कार्डांना मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेसची खाच लागते. जुन्या साध्या पीसीआय खाचेची क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट आणि तीही इतर कार्डांबरोबर वाटून घेतलेली. त्यामुळे तेथे गिगाबिटही पुरते मिळत नाही. लॅपटॉपसाठी यूएसबी अडॅप्टर घेताना तो यूएसबी ३.० असल्याची खात्री करावी. यूएसबी २.०ची मर्यादा ४८० मेगाबिट असल्याने डब्यावरील 'गिगाबिट' हा शब्द तेथे नावापुरताच उरतो.

केबल किमान 'कॅट ५ ई' आणि शुद्ध तांब्याची असावी. २०१६मध्ये संमत झालेले २.५ गिगाबिटचे मानकही याच केबलवर १०० मीटरपर्यंत चालते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा स्वस्त असतात, पण वाकवल्यावर लवकर तुटतात.

हे लक्षात ठेवा

* पावसाळ्यात गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या केबलमधून विजेचा झटका येऊन कार्ड जळू शकते. शक्य असल्यास घरापर्यंत फायबर जोडणी घ्यावी.
* संपर्क अधूनमधून तुटत असेल, तर ड्रायव्हर अद्ययावत करावा आणि कार्डाच्या सेटिंगमधील 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' ही ऊर्जाबचतीची सोय बंद करून पाहावी.
* वेग 'ऑटो'वरच ठेवावा. हाताने बदलल्यास दोन्ही टोकांचा मेळ बिघडू शकतो.
* पक्के बिल, वॉरंटी आणि कार्ड बदलून देण्याची मुदत खरेदीपूर्वीच विचारून घ्यावी.

घरच्या कार्यालयात सर्वांत वेगवान कार्डापेक्षा दिवसभर न तुटणारी जोडणी मोलाची आहे. ती पुष्कळदा नव्या कार्डाऐवजी चांगल्या केबलनेही मिळते.