निवड हिरावलेला माणूस : कादंबरीतला आणि कायद्यातला

पाश्चात्य साहित्यात युटोपियाच्या उलट टोकाचे एक साहित्य आहे. माणसाचे शरीर, मन, इतकेच नव्हे तर भाषाही राज्यसंस्थेने ताब्यात घेतलेल्या समाजाचे चित्र ते उभे करते. त्याला डिस्टोपियाचे साहित्य म्हणतात. जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' (१९४९) आणि अँथनी बर्जेसची 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' (१९६२) या त्यातील गाजलेल्या कादंबऱ्या. भविष्याविषयीचा इशारा म्हणून त्या वाचल्या जातात. परंतु असे राज्य ज्यांच्या वाट्याला कायद्याच्या रूपाने येऊन गेले, त्यांनी त्या कशा वाचाव्यात, हा आपला प्रश्न आहे.

बर्जेसचा अ‍ॅलेक्स हा पौगंडावस्थेतील मुलगा. मारहाण, बलात्कार आणि शेवटी खून करून तो तुरुंगात जातो. तेथे शासन त्याच्यावर एक प्रयोग करते. औषध टोचून, पापण्या मिटू न देता त्याला हिंसेची दृश्ये दाखवली जातात. पुढे हिंसेचा विचार मनात येताच त्याला मळमळू लागते. आता तो वाईट वागत नाही, कारण वागूच शकत नाही. निवड करण्याची शक्ती गेल्यावर माणूस माणूस उरतो का, असा प्रश्न तुरुंगातील धर्मगुरू विचारतो. मूळ कादंबरीच्या २१ व्या प्रकरणात हा अ‍ॅलेक्स स्वतःहून हिंसेपासून दूर जाऊ लागतो. अमेरिकन आवृत्तीत हे प्रकरण गाळले गेले. स्टॅन्ली कुब्रिकच्या १९७१ च्या चित्रपटातही ते नाही. म्हणजे बदलण्याची शक्यताच गाळली गेली.

तरीही अ‍ॅलेक्सने गुन्हा केला होता. आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याला गुन्ह्याचीही गरज वाटली नाही. एखाद्या जमातीला गुन्ह्याचे व्यसनच आहे असे सरकारने घोषित केले की पुरे. त्या घोषणेच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देण्याची सोय नव्हती. १९११ मध्ये हा कायदा सबंध ब्रिटिश हिंदुस्थानला लागू झाला. नोंद, बोटांचे ठसे, पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना हे आयुष्य झाले. १९२४ च्या कायद्यात मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याची तरतूद होती. सोलापुरात तारेच्या कुंपणात माणसे ठेवली गेली आणि गिरण्यांत राबवली गेली. तो भाग आजही 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखला जातो.

हे केवळ इंग्रजांचे पाप म्हणून हात झटकता येणार नाहीत. धंदा जन्माने ठरतो, म्हणून गुन्हाही जन्माने ठरतो, हे तर्कशास्त्र त्यांना इथल्या जातिव्यवस्थेतच तयार मिळाले. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) च्या प्रस्तावनेत गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य यांना एकत्र ठेवून हिंदू संस्कृतीलाच जाब विचारला, तो यासाठी.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. पुढे १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला. तो जमातीवर नव्हे, व्यक्तीच्या शिक्षांवर आधारलेला होता; पण पोलिसांच्या नजरेतला जन्मजात संशय गेला नाही. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) त्याची साक्ष देते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले, आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीपणे अटक होऊ नये, असेही बजावले. कायदा रद्द झाल्यावर ७२ वर्षांनी हे सांगावे लागले, याचा अर्थ कार्यकर्त्यांनी ओळखावा.

पाश्चात्य लेखक मोकळ्या माणसापासून सुरुवात करतो आणि राज्यसंस्था त्याचे स्वातंत्र्य कसे हिरावते ते सांगतो. आपल्याकडे राज्यसंस्थेच्या आधी जातीने ते हिरावले होते. म्हणून राज्यसंस्था म्हणजे केवळ शत्रू, हा त्या साहित्याचा निष्कर्ष आपण जसाच्या तसा उचलू नये. ज्या राज्यसंस्थेने हजेरी लावली, तिच्यावरच संविधानाने समतेची जबाबदारी टाकली आहे. धर्मगुरूचा प्रश्न मात्र आपण जरूर घ्यावा, आणि तो अधिक मागे नेऊन विचारावा : ज्याला जन्मण्यापूर्वीच निवड नाकारली, त्याच्या माणूसपणाचा हिशेब कोण देणार?