भिंतीवरची पेटी व तिचें गणगोत

पाणचक्कीच्या हौदाशीं उभें राहिलें असतां हें पाणी येतें तरी कोठून, असा प्रश्न पाहुण्याच्या मनांत येतोच. तें येतें हर्सूलच्या बाजूनें, जमिनीखालीं पुरलेल्या मातीच्या नळांतून. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली. पुढें औरंगाबाद म्हणून नांवारूपास आलेलें आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणविणारें हें शहर ज्या नहरींवर जगलें, त्यांचा आरंभही त्यानेंच केला. या व्यवस्थेंत पाणी धरणारा भाग निराळा, वाहून नेणारा नळ निराळा आणि मोहल्ल्यांत वांटून देणारे हौद निराळे. हौद कोरडा पडला म्हणून कोणी शहाणा मनुष्य नवा हौद बांधावयास निघत नाहीं. नळ कोठें फुटला तें आधीं पाहतो.

आमच्या घरीं मात्र गेल्या वर्षीं नवा हौदच बांधला गेला. औरंगपुऱ्यांतील जुन्या वाड्यांत आमचें बिऱ्हाड आहे. मुलगी परदेशीं; दर रविवारीं रात्रीं पडद्यावर तिचें मुख पाहावयाचें व नातवाचे बोबडे बोल ऐकावयाचे, हा आमचा नेम. एका रविवारीं पडदा उजळेना. दुसरे दिवशीं दुकानदारानें पेटी न पाहतांच “राउटर गेला” असें निदान केलें, आणि मीं अडीच हजार रुपये मोजून नवा आणिला. पुढचाही रविवार तसाच गेला. तेव्हां आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, भिंतीवर पेट्या दोन आहेत. बिघडली ती कोणती, हें कोणी विचारलें का?” मला उत्तर देतां येईना. त्या लाजेपोटीं जें शिकलों तेंच येथें सांगतों.

रस्त्यावरून घरांत जी बारीक तार शिरते, ती आतां बहुधा तांब्याची नसून तिच्या पोटांत केसाएवढा कांचेचा तंतू असतो. त्यांतून वीज वाहत नाहीं, प्रकाश वाहतो. तंतूच्या कडेवर आदळून तो पुनःपुन्हां आंतल्या आंत परावर्तित होतो आणि सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर वेगानें पुढें सरकतो. मात्र तंतू फार मुडपला कीं प्रकाश बाहेर सांडतो, आणि अधिक मुडपल्यास कांच तडकते. हा तंतू ज्या पेटींत संपतो तिला ओ. एन. टी. म्हणतात. प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत व विजेचे प्रकाशांत पालटणें, हें तिचें काम. विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं आपल्या देशांत सर्वांसाठीं आंतरजाल खुलें केलें, तेव्हां असेंच भाषांतर टेलिफोनच्या तारेवर मोडेम करीत असे. त्याची ती किंचाळी ज्यांनीं ऐकली आहे, ते ती विसरणार नाहींत.

दुसरी पेटी राउटरची. तिचें काम समजावयास वाडाच बरा. टपालवाल्यास वाड्याचा पत्ता एकच ठाऊक. आंतलें कोणतें पत्र कोणत्या बिऱ्हाडाचें, हें दिंडीवरचा माणूस जाणतो. त्याप्रमाणें जगाच्या लेखीं आपल्या घराचा पत्ता बहुधा एकच असतो. आंतल्या फोनास, संगणकास, दूरदर्शनसंचास राउटर स्वतः निराळे पत्ते नेमून देतो. ते पुष्कळदां १९२.१६८ या अंकांनीं सुरू होतात. कोणी काय मागविलें याची तो नोंद ठेवतो आणि आलेला माल ज्याचा त्यास पोंचवितो. हल्लीं कांहीं कंपन्या या दोन्ही पेट्या एकाच खोक्यांत घालून देतात. सोय होते खरी, पण कोणाचें काम कोणतें हें त्यामुळें कळेनासें होतें.

स्विच नांवाची तिसरी पेटी घरांत क्वचित्, शाळा-कचेऱ्यांत हटकून. तारेनें जोडलेलीं अनेक यंत्रें ती एकत्र आणते. प्रत्येक यंत्राच्या जोडणीस ४८ बिटांचा एक क्रमांक दिलेला असतो. कोणता क्रमांक कोणत्या भोंकाशीं आहे, हें स्विच येणाऱ्या संदेशांवरून आपोआप शिकतो आणि निरोप नेमका तेथेंच धाडतो. पूर्वीचा हब बिचारा एकाचा निरोप सर्वांच्या दारीं ओरडत असे. या पेट्यांना जोडणाऱ्या जाड तारेंत तांब्याच्या आठ तारा, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या असतात. पीळ शोभेचा नव्हे. शेजारच्या विजेचा उपद्रव त्यामुळें कमी होतो. ही युक्ति टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची, १८८१ सालची. अशी तार शंभर मीटरपर्यंत भरंवशाची समजावी.

बिनतारी वाय-फायविषयीं आमच्या जुन्या शहरांत अधिक बोलणें प्राप्त आहे. दोन हात रुंद दगडी भिंती उन्हाळ्यांत थंडावा देतात, पण रेडिओच्या लहरींचेंही बळ हरण करितात. राउटरवर २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरी बहुधा असतात. पहिली भिंतीपार अधिक जाते, पण तिजवर शेजाऱ्यांची गर्दी आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह शेगडीचा त्रास. दुसरी वेगवान, पण एका भिंतीनेंच हतबल होते. म्हणून राउटर लोखंडी कपाटांत किंवा देव्हाऱ्यामागें दडवूं नये. माजघरापलीकडे लहर पोंचत नसेल, तर महाग राउटर आणण्यापेक्षां पिळाची तार तेथवर ओढून तिच्या टोकास ॲक्सेस पॉइंट बसवावा, हें माझें मत.

आतां आमच्या घरचें. ओ. एन. टी.वर इंग्रजी एल्, ओ, एस् या अक्षरांपुढें एक दिवा असतो. तो तांबडा लुकलुकूं लागला, म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाहीं असें समजावें. मग राउटर सोन्याचा आणिला तरी व्यर्थ. आमचा दिवा दोन आठवडे तांबडाच होता. सौ.नीं तंतूचा माग काढला तों दिवाळीच्या सफाईंत सरकविलेल्या कपाटामागें तो कागदासारखा दुमडलेला सांपडला. त्यांनीं टोंक उपसून पाहिलें नाहीं, हें बरें केलें. तो प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यास अपाय करूं शकतो. तारवाला आला, तडकलेला तुकडा काढून त्यानें कांचेस कांच जोडली आणि दिवा हिरवा झाला.

त्या रविवारीं नातवानें पडद्याजवळ तोंड आणून नवा दांत दाखविला. नवा राउटर खोक्यांत घालून माळ्यावर ठेवला आहे. दुकानदार तो परत घेत नाहीं.