वेगळे ठेवलेले पाणी

1956 साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, म्हणजे आजच्या ‘भेल’च्या आधाराने भोपाळची गोविंदपुरा औद्योगिक वसाहत वाढली. विजेच्या अवजड यंत्रांत तांब्याच्या जोडांना चांदीचा, नटबोल्टांना जस्ताचा मुलामा लागतो. कुठे निकेल, कुठे क्रोम. मुलामा चढलेला भाग पाण्यात बुचकळला की थोडा धातू पाण्यात उतरतो. हे पाणी कितीही गाळा, विरघळलेला धातू कापडावर अडकत नाही. आधी त्याचा साका करावा लागतो, आणि ते काम ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत, होते.

क्रोमचे पिवळे पाणी सर्वांत हट्टी. षट्संयुजी क्रोमियम चुन्याने खाली बसत नाही. म्हणून आम्ल घालून सामू 2 ते 3 वर आणतात आणि सोडियम मेटाबायसल्फाइट टाकतात. पिवळेपणा जाऊन हिरवट झाक आली की मग चुना किंवा कॉस्टिक. सामू साडेआठच्या आसपास पोचला की करडा-हिरवा साका धरू लागतो, तळाला बसतो, फिल्टर प्रेसमध्ये दाबून निघतो. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियम लिटरला 0.1 मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही. निकेलला मात्र दहाच्या वर सामू लागतो, आणि तिथे क्रोमियम पुन्हा विरघळू लागते.

म्हणून प्रत्येक पाणी वेगळ्या नळाने आणावे लागते. माझ्या मते या यंत्रणेचा जीव टाक्यांपेक्षा नळांत आहे. चांदीच्या मुलाम्याचे पाणी बहुधा सायनाइडचे असते. ते क्रोमच्या आम्लात मिसळले तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. वायुकांड भोगलेल्या भोपाळकरांना विषारी वायू सुटण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वेगळ्या नळांचा खर्च वाचवू देणे या शहरात तरी अक्षम्य आहे.

सगळे पाणी एकत्र झाले की उरतो तो मिश्र गाळ, म्हणजे घातक कचरा. त्याची वाट धार जिल्ह्यातल्या पीथमपूरकडे जाते. त्या वायुकांडाच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला 337 टन कचराही जानेवारी 2025 मध्ये तिथेच नेला. तो जाळून झाला, तरी राख कुठे पुरायची हा वाद न्यायालयात गेलाच. धातू जळून नाहीसा होत नाही.

निकेलचे पाणी वेगळे राखले तर धुण्याच्या सोड्याने निकेल कार्बोनेटचा साका मिळतो. तो धुऊन गंधकाम्लात विरघळवला की निकेल सल्फेट तयार. त्यात लोह, तांबे, जस्त उरले नाही ना, हे तपासून ते मुलाम्याच्या टाकीत परत घालता येते.